माशी प्लास्टिकची नव्हती, कोंबड्याची होती

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या छंदांचं पान होतं ना, त्यात खाली कोपऱ्यात फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून खोटी 'माशी' करायची आणि तिनं मासे धरायचे त्या छंदाची, एक चौकट होती, ती मी दोनदा वाचली आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. फोटोखाली छापलंय 'माशांना फसवणारी प्लास्टिकची माशी'. आणि मजकुरात असं की या छंदाचं सगळं साहित्य परदेशातनं मागवावं लागतं, सुरुवातीलाच वीस-पंचवीस हजार बाजूला काढून ठेवा. बाकी पान चांगलं होतं, मडक्यातल्या मायक्रोग्रीन्सवाला लेख आमच्या सौंनी कापून फ्रीजवर चिकटवलाय. पण ही चौकट वाचून राहवेना म्हणून लिहितोय, लांबलं तर कात्री लावा.

आधी फोटोबद्दल. ती वूली बगर नावाची माशी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात रसेल ब्लेसिंग नावाच्या माणसानं १९६७ साली बांधलेला पॅटर्न, दगडाखाली राहणाऱ्या एका पाणकिड्याच्या अळीची नक्कल म्हणून. शेपटीला मऊ पीस, अंगाला फुलवातीसारखी शेनील गुंडाळलेली आणि त्यावरून कोंबड्याचं एक पीस मागून पुढे फेरे देत आणलेलं. तुमच्या फोटोत त्या पिसाचे तंतू वर्तमानपत्राच्या कागदावर छापूनसुद्धा दिसतायत. प्लास्टिक त्यात औषधालाही नसतं, शेनील सिंथेटिक असली तर तेवढीच काय ती.

आता खर्चाचं. मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, रिटायर झाल्यावर हे बांधायला लागलो, त्यामुळे नवीन हत्यार विकत घ्यायचं म्हटलं की आधी हात मागे जातो. रॉड, रील आणि ती जाड फ्लाय लाइन विकत घ्यावीच लागते, त्याला पर्याय नाही, तिथे तुमचा खर्चाचा आकडा काही अगदी हवेतला नाही हे मान्य. पण माशी बांधणं हा वेगळा उद्योग आहे, आणि त्याचा बहुतेक बाजार मला नाशिकमध्येच सापडलाय. अट एकच, साहित्य नावानं मागायचं नाही, गुणानं शोधायचं. पुस्तकात लिहिलंय फेझंटची (लांब शेपटीचा एक पक्षी) शेपटी, तर फेझंट कुठून आणू म्हणून डोकं धरून बसायचं नाही. त्या पिसाचं तिथे काम काय आहे ते बघायचं. तरंगायला हवंय का बुडायला, ताठ हवंय का पाण्यात हललं पाहिजे, चमक पाहिजे का नुसता रंग. हे एकदा कळलं की भद्रकालीतल्या दोन गल्ल्यांत काम होतं.

हे काही माझं डोकं नाही. साधारण १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या लोकांचं वर्णन लिहून ठेवलंय, ते गळाला लाल लोकर गुंडाळायचे आणि त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावायचे. बस. लाल लोकर आणि कोंबडा. यात परदेशातनं काय मागवायचं सांगा.

कोंबड्यापासूनच सुरुवात करतो कारण निम्मं काम त्याच्यावर आहे. आमच्या चिकनवाल्या भाऊंना आधी वाटलं माझं डोकं फिरलंय, पैसे देऊन मटण सोडून पिसं कोण मागतं. पण इथे एक गोम आहे. ब्रॉयलर कोंबडी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापतात, तेवढ्यात मानेची पिसं तयारच होत नाहीत, मऊ, रुंद, बुळबुळीत. पाण्यावर उभी राहणारी माशी, ज्याला ड्राय फ्लाय म्हणतात, तिला लागतं वर्षाच्या पुढच्या गावरान कोंबड्याच्या मानेचं पीस. त्याचे तंतू ताठ आणि तुळतुळीत असतात, पाणी धरत नाहीत, आणि गळाभोवती फेरे दिले की ब्रशसारखे चहूबाजूंनी उभे राहतात, माशी त्या टोकांवर पाण्यावर टेकते. ओळखायची रीत सोपी, पीस मधोमध वाकवायचं म्हणजे तंतू पंख्यासारखे सुटे होतात, ते ओठाला लावून बघायचे, टोचले तर ड्राय फ्लायचं, गुदगुल्या झाल्या तर बुडणाऱ्या माशीचं. तंतूची लांबी गळाच्या तोंडाच्या (गळाचं टोक आणि दांडी यांच्यातलं अंतर) दीडपट ते दुप्पट पाहिजे, त्याहून लांब असलं तर माशी कोलमडते.

आणि ब्रॉयलर अगदीच टाकाऊ नाही बरं का. पोटाखाली, मांडीजवळ जो कापसासारखा पिसारा असतो तो वूली बगरच्या शेपटीला फर्स्टक्लास. मूळ पॅटर्नमध्ये तिथे मॅराबू असतं, पूर्वी ते मॅराबू नावाच्या करकोच्याचं असायचं, आता त्या नावानं टर्कीचं विकतात, म्हणजे तिकडेसुद्धा नाव तेच ठेवून पक्षी बदललाच की. कोरडं असताना कापूस, ओलं झालं की शेवाळासारखं झुलतं, लाइन थांबवली तरी शेपटी श्वास घेतल्यासारखी हलत राहते. हे गुण ब्रॉयलरच्या पोटाला फुकट मिळतात.

एका ठिकाणी मात्र मी सपशेल हार मानलीय. १६ नंबर किंवा त्याहून लहान गळावर ड्राय फ्लाय बांधायची तर गावरान कोंबड्यात तेवढे आखूड तंतू मिळत नाहीत. अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या नुसत्या पिसांसाठी कोंबडे निवडून वाढवलेत, त्यांचं पाठीचं एक पीस वीतभराहून लांब आणि तंतू सगळीकडे सारखे, एका पिसात चार-पाच माशा. ते विकत घ्यावं. (नवीन लोकांसाठी, गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, वायरच्या गेजसारखंच, १४ नंबर १० पेक्षा बारीक. आमच्या टूलरूमवाल्यांना हे सांगावं लागत नाही.) पण घेताना सांभाळून. मी ऑनलाइन एकाकडून इम्पोर्टेड म्हणून लाल-तपकिरी सॅडल, म्हणजे कोंबड्याच्या पाठीची पिसं, घेतलं, नाव घेत नाही, पहिल्याच दिवशी वाटीतलं पाणी कुंकवासारखं लाल झालं आणि खालून निघालं आपलंच पांढरं ब्रॉयलर. तेव्हापासून ओला पांढरा रुमाल घासून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

आता तांब्याची तार. इंग्लंडमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा नदीचा राखणदार होता, त्याची फेझंट टेल निंफ, म्हणजे पाणकिड्याच्या अळीची नक्कल करणारी बुडती माशी, जगभर चालते. त्याची गंमत अशी की त्यात दोराच नाही. मोटारीच्या वायंडिंगसारखी बारीक तांब्याची तार, तीच वजन, तीच दोरा, तीच अंगावरची चमकदार रेघ. हे वाचलं आणि मी तसाच उठून अंबडला वायंडिंगच्या दुकानात गेलो. ३८ गेजची तार मागितली तर दुकानदार म्हणे कुठली मोटार आहे काका, मी म्हटलं माशी आहे. त्यानं रीळावरची उरलेली तार हसत हसत तशीच दिली, पैसे घेतले नाहीत. ३८ गेज म्हणजे ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, १२-१४ नंबरच्या गळाला बरोबर बसते. ३६ थोडी जाड होते, डोक्याशी गठ्ठा जमतो.

फेझंटचं पीस मात्र आणायचं नाही. आपल्याकडचे फेझंट सगळे जंगली, हिमालयातले वगैरे, ते कायद्यात बसत नाही. गावरान कोंबडीच्या शेपटीचं तपकिरी पीस घ्या, त्याचे चार-पाच तंतू टोकाकडून बांधा, तारेभोवती पीळ द्या म्हणजे तुटणार नाहीत, आणि गळाच्या डोळ्याकडे (दोरा ओवायचं भोक) गुंडाळत न्या. पुढच्या भागात तारेचेच फेरे देऊन कुबड काढा, तंतू त्यावरून एकदा पुढे एकदा मागे न्या. फेझंटसारखी लालसर झाक येत नाही, पण गंगापूर धरणाच्या कडेच्या चिलापीनं मला आजपर्यंत त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

येवल्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या इंग्रज माशा सगळ्या रेशमावर बांधलेल्या असायच्या, यॉर्कशायरकडची एक अगदी साधी आहे, नारिंगी रेशमाचं अंग आणि डोक्याशी तितराच्या तपकिरी ठिपकेदार पिसाचे दोन फेरे, संपलं. आपल्याकडे तितर मारायचा नाही, तर ठिपकेवाल्या गावरान कोंबडीच्या पाठीवरचं मऊ पीस घेतो. आणि रेशीम? पैठणी विणणाऱ्यांच्या मागाखाली रोज जे तुकडे पडतात ते बघितल्यावर मी अक्षरशः खाली बसलो. मोरपंखी, राणी, चिंतामणी, पिवळा, एकेक तुकडा हातभर, आणि माशीला लागतं वीतभर. माझ्या ओळखीच्या एका विणकर ताईंनी पिशवी भरून दिले, वर म्हणाल्या भाऊ एवढी बारीक पैठणी कुणाला नेसवणार. जरीचे तुकडेही घेतले, अंगावर तिरपी चमकदार रेघ मारायला, पण जरी हाताळून घ्या, उलगडून बघा, सुटत असेल तर माशाच्या पहिल्याच दातात तिचा पिंजारा होतो.

रेशमाची एक खोड लक्षात ठेवा, ओलं झालं की रंग एकदम गडद होतो. पिवळं म्हणून बांधलेलं पाण्यात मातकट हिरवं दिसतं. म्हणून रंग ठरवताना तुकडा आधी जिभेवर ओला करायचा (सौ म्हणतात हे लिहू नका, पण सगळेच करतात). आणि पांढरी पिसं घरी रंगवायची असतील तर सुती कापडाचा रंग आणू नका, धरत नाही. पीस आणि रेशीम दोन्ही प्रथिनं, त्यामुळे रेशमाचा जो ॲसिड रंग असतो तोच पिसाला चालतो, गरम पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून. उकळू द्यायचं नाही, पीस शिजतं.

मोरपिसाबद्दल लोक मला हमखास विचारतात. मोरपिसाचे तंतू म्हणजे हर्ल, हे या कामातलं सगळ्यात देखणं साहित्य, हिरवं म्हणावं तर तांबूस दिसतं, तांबूस म्हणावं तर निळं. वासुदेवाच्या टोपीत उन्हात जी झळाळी दिसते तीच पाण्यात किड्याच्या पाठीसारखी दिसते. गळून पडलेल्या मोरपिसांच्या देशातल्या विक्रीला कायद्यात सूट आहे, बाहेर पाठवायला मात्र बंदी, त्यामुळे परदेशातल्या भाच्याला माशांचा डबा भेट द्यायचा असेल तर त्यात मोरपीस नको. पंचवटीत देवाच्या सामानाच्या दुकानात एक पीस घेतलं की माझं वर्ष निघतं. हर्ल अतिशय ठिसूळ, म्हणून एकटं कधी गुंडाळू नये, दोऱ्याबरोबर पीळ देऊन मग गुंडाळावं, आणि वरून तार उलट्या दिशेनं, म्हणजे एक तंतू तुटला तरी बाकीचे दाबलेले राहतात.

आता जरा कडू. मला व्हॉट्सॲपवर एकानं रानकोंबड्याची मान ऑफर केली, फोटोसकट. सह्याद्रीतला आपला करडा रानकोंबडा, त्याच्या मानेच्या पिसांवर पिवळे-पांढरे मेणचट ठिपके असतात, सामन माशाच्या जुन्या इंग्रज माशांत डोळा म्हणून ते लावायचे, त्याला तिकडे जंगल कॉक म्हणतात आणि त्याच्यावर जीव टाकणारे लोक आहेत. इंग्लंडमध्ये आता पिंजऱ्यात वाढवून त्याची पिसं मिळतात, आपल्याकडे तो १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. मी ब्लॉक केलं. चितळाचे, सांबराचे केस पण तसेच. हरणाचा केस आतून पोकळ असतो, दोरा आवळला की फुलतो आणि तरंगतो, म्हणून अमेरिकेत त्याच्यावर अख्खी एक विद्या उभी आहे, पण तिकडे शिकारीला परवाना मिळतो, इथे मिळत नाही, विषय संपला. तरंगायलाच पाहिजे ना, मग हवाई चपलेचं रबर घ्या. आणि मुंगूस! जाताजाता चित्रकार मंडळींनाही सांगतो, मुंगसाच्या केसांचे ब्रश बेकायदा आहेत, ते कापून माशीच्या अंगाला डबिंग म्हणून, म्हणजे दोऱ्यावर वळून गुंडाळायला, वापरायची आयडिया मला एका शहाण्यानं दिली होती.

या पिसांच्या वेडानं माणूस कुठे जातो याचं उदाहरण २००९ सालचं आहे. इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणानं, बासरीचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यानं, रात्री खिडकी फोडून २९९ पक्ष्यांची कातडी लंपास केली, त्यात निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसनं दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले नमुने होते. कशासाठी, तर सामनसाठीच्या माशा बांधायला जुन्या पुस्तकात लिहिलेली तीच पिसं हवीत म्हणून. आणि विनोद असा की सामन मासा अंडी घालायला नदीत शिरला की जवळजवळ खाणंच सोडतो, तो माशीवर झेपावतो ते चिडून की सवयीनं देव जाणे, पण त्याला त्या पिसाचं गोत्र कळत नाही. रंगवलेली कोंबडी त्यालाही चालते.

उलट आपल्याकडे जे मुबलक आहे त्याला कुणी विचारत नाही. धनगरांची घोंगडी घ्या. दख्खनी मेंढीची काळी लोकर खरखरीत, मध्येमध्ये जाड राठ केस, स्वेटरला नको वाटते, पण डबिंगला अशी लोकर म्हणजे सोनं. डबिंग म्हणजे लोकर दोऱ्यावर वळून तिची वात करायची आणि अंगाला गुंडाळायची. ते राठ केस बाहेर काट्यासारखे राहतात, पाण्यात किड्याचे पाय वाटतात. नवीन माणसाची चूक ठरलेली, लोकर फार घेतो. चिमूटभर घेतली असेल तर त्यातली निम्मी परत ठेवा आणि उरलेल्यातली पुन्हा निम्मी. दोऱ्यावर लोकर आहे की नुसती सावली आहे असं वाटलं पाहिजे. दोऱ्याला आधी मेणाच्या तुकड्यावरून एक हात फिरवायचा.

गंगापूरच्या पाण्यासाठी माझी लाडकी माशी क्लाउझर मिनो. बॉब क्लाउझरनं ८०च्या दशकात सस्क्वेहाना नदीसाठी काढली. गळाच्या पाठीवर डोळ्याजवळ दोन जड गोळे बांधायचे, वजन वर आलं की गळ पाण्यात पालथा होतो, टोक आकाशाकडे. धरणाच्या कडेला पाण्याखाली गेलेली बाभळीची खुंटं ज्यांनी बघितलीत त्यांना याची किंमत कळेल, साध्या माशा मी तिथे डझनानं पुरल्यात. मूळ माशीत केस हरणाच्या शेपटीचे, मी बोकडाचे लांब पांढरे आणि वर थोडे काळे लावतो. बोकडाचा केस पोकळ नसतो, फुलत नाही, सरळ बुडतो, आणि इथे तेच हवंय. गोळ्यांसाठी शिसं वापरत नाही. इंग्लंडनं १९८७ सालीच गळाच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली, राजहंस ते खडे समजून गिळायचे आणि मरायचे. आपली गोदावरी खाली नांदूर मध्यमेश्वरला जाते, पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ, तिथल्या बदकांच्या पोटात माझं शिसं कशाला. बेसिनच्या बुचाला जी मण्यांची साखळी असते तिचे दोन मणी जोडीनं कापायचे, आठच्या आकड्यात दोरा भरायचा, झाले डोळे. आमच्या घरातलं बेसिन सध्या बुचाशिवाय आहे.

मरळसाठी मात्र तरंगतं पाहिजे. पाणवेलीच्या कडेला, हवाई चपलेच्या रबराचा बेडूक, दोन पाय कोंबड्याच्या रुंद पिसांचे, एका बाजूला एक, टोकं बाहेर वळलेली. मरळ हवेत श्वास घ्यायला वर येते तेव्हा जागा कळते. पण लालसर पिल्लांचा गोळा पाण्यावर फिरताना दिसला तर गळ आवरा, खाली आईबाप राखण करत असतात, ते भूक म्हणून नाही, पिल्लांसाठी अंगावर येतात, असा मासा धरण्यात काय पुरुषार्थ.

आणि जूनमधला पहिला पाऊस. संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे निघतात, सकाळी गॅलरीत पंखांचा सडा पडलेला असतो, तेच तळ्यावर पडतात तेव्हा पाणी उकळल्यासारखं होतं. गेल्या वर्षी मी तोपर्यंत तशी माशी बांधलीच नव्हती. त्या रात्री गॅलरीतून एक किडा आणून टेबलावर माझ्या छोट्या व्हाईसशेजारी (गळ पकडून ठेवणारा शिकंजा) ठेवला आणि बघून बघून बांधला, १४ नंबरचा गळ, तपकिरी रेशमाचं सडपातळ अंग, पंख दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकचे कापले. ओढून बसवताना दोरा तीनदा तुटला, कारण पंखाची कडा चाकूसारखी. शेवटी पंख मुडपून बांधले, डोक्याशी गाठ मारली, नातीचं नेलपॉलिश लावलं. म्हणजे बघा, माझ्या एका माशीत प्लास्टिक आहे, तुमची फोटोओळ तेवढ्यापुरती खरी. दुसऱ्या दिवशी वालदेवीच्या एका डोहावर त्याच माशीवर अकरा चिलापी. त्याआधीच्या तीन रविवारांत मिळून दोन.

सगळ्यांची एक चूक मात्र सारखी, माझीही होती, गळाच्या डोळ्याशी जागाच ठेवत नाहीत. पीस, लोकर, तार सगळं पुढे सरकत येतं आणि शेवटची गाठ मारायला जागा उरत नाही, मग तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) ओवायला सुई घेऊन डोळा उकरत बसा. पहिला फेरा डोळ्यामागे दोन डोळ्यांएवढी जागा सोडून घ्यायचा, आणि ती जागा एसटीत रुमाल टाकून धरल्यासारखी शेवटपर्यंत राखायची.

साठवण्याचं एक सांगतो कारण त्यात मी पोळलोय. दोन वर्षांची पिसं मी धुतल्याशिवाय डब्यात भरून पलंगाखाली ठेवली होती. पावसाळा संपल्यावर डबा उघडला तर आत कसर, पिसांचे नुसते दांडे आणि तळाशी पीठ. सहा गावरान माना गेल्या, त्यातली एक इतकी सुंदर सोनेरी होती की अजून आठवते. आता मान आणली की कातडीची चरबी खरवडतो, मीठ आणि टाकणखार चोळून सुकवतो, सुटी पिसं शाम्पूनं धुऊन सावलीत वाळवतो, मग पिशवीत बंद करून चार दिवस फ्रीझरमध्ये, बाहेर काढून दोन दिवस, परत चार दिवस. पहिल्यांदा सौंना मटारच्या पिशवीशेजारी कोंबड्याची मान सापडली तेव्हा घरात जे झालं ते या पत्रात बसणार नाही. आता त्यांनी मला वेगळा कप्पा दिलाय, त्यावर लेबल लावलंय.

अजून एक, तुमच्या चौकटीत कुठे जायचं ते लिहिलंय पण विचारायचं कुणाला ते नाही. धरणांमधली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते, तिथल्या लोकांना भेटून, विचारून मगच गळ टाकावा. मला भोई समाजातल्या एका काकांनी जेवढं पाणी शिकवलं तेवढं कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नाही. अभयारण्यात अजिबात नाही. आणि तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी आणा. संक्रांतीला नायलॉन मांजावरून आपण एवढं बोलतो, २०१७ पासून तर देशभर बंदी आहे, आणि काठावर सोडलेलं तंगूस त्याचाच भाऊ, बगळ्याच्या पायाला दोघंही सारखेच.

महाशीरबद्दल लिहिणार होतो पण आवरतो. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मुळा-मुठेवरून ज्याची शास्त्रीय नोंद केली तो आपला दख्खनचा मासा, लोणावळ्याला वळवणला १९७०च्या दशकापासून टाटांच्या तळ्यात त्याची पिल्लं तयार करतात, महाडजवळ वाळणकोंडीत देवीचा म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. त्याच्यासाठी मी लाल लोकरीचं एक उंबर बांधून ठेवलंय, कारण तो झाडाखाली पडलेली फळं खातो. अजून पाण्यात टाकलेलं नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या अंकात फोटोओळ दुरुस्त करा. सोबत लिफाफ्यात दोन माशा पाठवतोय, एक वूली बगर ब्रॉयलरच्या शेपटीची, एक निंफ अंबडच्या तारेची, फोटो काढायला उपयोगी पडतील. गळाचा उलटा काटा मी पकडीनं दाबून टाकलाय, तरी लिफाफा उघडताना बोट जपा, टोक खरं आहे.

आपला,
एक जुना वाचक
गंगापूर रोड, नाशिक